जहाज लागले मद्रासला

मद्रासला मुळात बंदर नव्हतेच. इंग्रज कंपनीच्या फ्रान्सिस डेने १६३९ साली इथली जमीन मिळवली ती कापडासाठी. या किनाऱ्यावरचे विणकर चांगले आणि कापड स्वस्त, एवढा हिशेब त्याने केला होता. समुद्राचा हिशेब कोणी केलेला दिसत नाही. मुंबईसारखी आत शिरलेली खाडी इथे नाही, आडोशाला बेट नाही, नदीची मुखे वर्षातले बरेच महिने वाळूने बुजलेली. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि तिथून माणसे मासुला होडीने किनाऱ्याला यायची. या होडीला खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवलेल्या, आत फासळ्यांचा सांगाडाही नाही. त्यामुळे लाट आपटली की होडी वाकायची, पण फुटायची नाही. किनाऱ्याआधी फेसाळ लाटांच्या दोन-तीन रांगा पार कराव्या लागत. दोन्ही बाजूंनी कट्टुमरम तराफ्यांवरचे कोळी सोबत चालत, कारण कोणी ना कोणी पाण्यात पडणार हे गृहीतच धरलेले असे. गव्हर्नर असो, पाद्री असो की लग्नासाठी विलायतेहून आलेली मुलगी, शेवटचा टप्पा कोळ्याच्या खांद्यावर बसूनच संपायचा. जवळजवळ अडीचशे वर्षे मद्रासला उतरण्याची हीच रीत होती.

मग १८७६ साली समुद्रात दगडाचे दोन हात बांधायला घेतले. काम पुरे होत आले, आणि १८८१ च्या नोव्हेंबरातल्या वादळाने ते मोडून टाकले. पुन्हा बांधले. पुढे १९०४ पासून सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी बंदराचे तोंड फिरवून ईशान्येला नेले, तेव्हा कुठे जहाजे धक्क्याला निर्धास्त लागू लागली. या बांधकामाने एक गोष्ट आपोआप घडली. या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात मिळून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराच्या भिंतीने ती अडवली. दक्षिणेला वाळू साचत गेली आणि उत्तरेला, रोयापुरमच्या बाजूला, समुद्र जमीन खात गेला. पूर्वी किल्ल्याच्या तटाजवळ येणारे पाणी दूर हटले, आणि आज चेन्नईकर संध्याकाळी सुंडल खात फिरतात तो मरीनाचा रुंद किनारा तयार झाला. एका बाजूला चौपाटी मिळाली आणि दुसऱ्या बाजूच्या कोळीवाड्यांची घरे गेली. मरीनाचे कौतुक करताना ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

क्रूझचे वेड आपल्याकडे आता चांगलेच रुजले आहे. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या यादीत भूमध्य समुद्राची सात रात्रींची फेरी असतेच. बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, नेपल्स अशी बंदरे, आणि प्रत्येक बंदरात एकच दिवस. सकाळी आठला उतरा, संध्याकाळी पाचच्या आत परत या. या एका दिवसाची गंमत आणि अडचण अशी की बंदर आणि नकाशावरचे गाव पुष्कळदा एक नसतात. ‘रोम’ म्हणून जहाज लागते ते चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथूनही बसच. आठ-नऊ तासांतले तीन-चार तास रस्त्यावर जातात आणि उरलेल्या वेळात कोलोसियमसमोर फोटो निघतो. तिकडची गावे आता याला कंटाळली आहेत. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी केली. दुब्रोव्हनिकने एका वेळी दोनच मोठी जहाजे घ्यायची असे ठरवले. सँटोरिनीला जहाजातून उतरणाऱ्या पाहुण्यांवर ग्रीसने कर बसवला.

चेन्नईचे दुखणे याच्या उलट आहे. इथे जहाज आले तरी शहराला पत्ता लागत नाही.

प्रवासी जहाजे या बंदराला नवी नाहीत. ‘राजुला’ हे ब्रिटिश इंडिया कंपनीचे जहाज १९२६ पासून चाळीस-पंचेचाळीस वर्षे मद्रास, नागपट्टणम, पेनांग, सिंगापूर अशा फेऱ्या करत होते. त्यातून मलायाच्या मळ्यांवर जाणारे मजूर गेले, व्यापारी गेले, नवऱ्याकडे निघालेल्या बायका गेल्या. त्यानंतरचे ‘चिदंबरम’ १९८५ च्या फेब्रुवारीत समुद्रात पेटले आणि ती वाट बंद पडली. अंदमानची जहाजे आजही इथून सुटतात आणि पोर्ट ब्लेअर गाठायला अडीच-तीन दिवस घेतात. पण त्या प्रवासाला कोणी क्रूझ म्हणत नाही. त्यात पोटापाण्याला निघालेली माणसे असतात, ट्रंका असतात, घरून बांधून आणलेला चिंचभात असतो.

मौजेच्या जहाजांचा नवा अध्याय २०२२ च्या जूनमध्ये सुरू झाला. कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ला मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी झेंडा दाखवला. हे जहाज १९९० सालचे. आधी अमेरिकेतल्या कंपनीकडे कॅरिबियन समुद्रात फिरत होते. अकरा मजले, कॅसिनो, पोहण्याचा तलाव असा सगळा थाट. त्याच महिन्यात पुदुच्चेरीपुढे ते उभे राहिले आणि तिथल्या सरकारने परवानगी न दिल्याने प्रवाशांना उतरता आले नाही. कॅसिनोवरून वाद पेटला होता. तिकीट काढलेल्यांनी फ्रेंच वसाहत समुद्रातूनच पाहिली. पुढच्या वर्षी, ५ जून २०२३ ला, चेन्नईहून श्रीलंकेची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी निघाली. हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि जाफन्याजवळचे कांकेसंतुरै असा तिचा मार्ग होता. सतरा कोटींवर खर्चून बांधलेले नवे क्रूझ टर्मिनल त्याच वेळी वापरात आले. याखेरीज युरोपातली लहान-मोठी जहाजे हिवाळ्यात कोलंबोहून किंवा कोचीनहून येता-जाता एक दिवस इथे थांबतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा आणि वादळांचा काळ असल्याने जानेवारी-फेब्रुवारी हे त्यांचे आवडते महिने.

गेल्या हिवाळ्यात असे एक जहाज लागले असताना मी चेन्नईत होतो. सकाळी बंदराच्या दारापाशी गेलो. आत पायी फिरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण आत मालाची वाहतूक चालते. जहाजापासून दारापर्यंत बंदराचीच बस सोडते. दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान कागद पाहतात. बाहेर वातानुकूलित बसगाड्यांची रांग उभी होती. काचेवर कागद चिकटवलेला, महाबलीपुरम. अर्ध्या तासात रांग रिकामी झाली. ज्यांनी जहाजाची सहल घेतली नव्हती असे पंधरा-वीस जण फुटपाथवर उरले आणि त्यांच्याभोवती रिक्षावाल्यांचे कडे पडले. एका रिक्षावाल्याने वयस्क गोऱ्या जोडप्याला ‘होल चेन्नई’चा जो भाव सांगितला, त्यात माझी मुंबईपर्यंतची रेल्वेची स्लीपर सीट आरामात आली असती. घासाघीस करायला मी मध्ये पडलो तर त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने बाजूला झालो.

महाबलीपुरमबद्दल माझी तक्रार नाही. पल्लवांनी सातव्या-आठव्या शतकात एकेका खडकातून कोरलेले रथ, अर्जुनाच्या तपश्चर्येचा तो प्रचंड दगडी पट, त्यातला तप करणारा ढोंगी बोका आणि त्याच्यापुढचे भाबडे उंदीर, लाटांसमोर उभे असलेले किनारामंदिर, हे सगळे एकदा तरी पाहावे असेच आहे. १९८४ पासून ते जागतिक वारसा आहे. पण ते बंदरापासून साठेक किलोमीटरवर आहे. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच, आणि परतीच्या वेळी शहरातली वाहने भेटली की मार्गदर्शकाची नजर घड्याळावर. म्हणजे चिवितावेक्कियाचीच कथा. फरक एवढाच की चिवितावेक्कियाच्या दाराबाहेर रोम नाही. चेन्नईच्या दाराबाहेर मद्रास आहे.

मराठी माणसासाठी तर दाराबाहेरच्या दोन-अडीच किलोमीटरांत त्याच्या इतिहासाची निम्मी भांडणे पडलेली आहेत.

रस्ता ओलांडला की फोर्ट सेंट जॉर्ज. २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, पुरा झाला म्हणून हे नाव. आज आत तामिळनाडूचे सचिवालय आणि विधानसभा आहे, त्यामुळे दारात पिशवी उघडून दाखवावी लागते आणि आत गेल्यावर पांढऱ्या वेष्टीतले कार्यकर्ते, फायली आणि लाल दिव्यांशिवायच्या सरकारी मोटारी दिसतात. त्या गर्दीतून वाट काढत सेंट मेरी चर्चपाशी यावे. १६८० सालचे हे चर्च सुवेझच्या पूर्वेकडचे सर्वांत जुने अँग्लिकन चर्च मानले जाते. भिंती चार-चार फूट जाड, छत कमानदार. तोफगोळा पडला तरी टिकावे म्हणून असे बांधलेले. रॉबर्ट क्लाइव्हचे लग्न इथे १७५३ साली झाले. त्याआधी, चर्च नवे असतानाच, एलिहू येलचे झाले. हाच येल पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या देणगीवरून अमेरिकेतल्या विद्यापीठाला त्याचे नाव मिळाले.

येल आणि आपला संबंध काय? संबंध आहे. १६९० साली छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते, औरंगजेबाची फौज खाली येत होती आणि पैशाची निकड होती. कडलूरजवळचा देवनापट्टणमचा कोट मराठ्यांनी इंग्रजांना विकला तो येल गव्हर्नर असताना. कोटाभोवतीची किती जमीन द्यायची, तर तोफेचा गोळा जाईल तेवढी. इंग्रजांनी चांगली लांब पल्ल्याची तोफ आणली आणि चहूबाजूंना गोळे उडवले. जिथवर गोळे पडले ती गावे कंपनीची झाली. त्या गावांना पुढेही ‘गुंडू’ म्हणजे गोळ्याची गावे म्हणत राहिले. या सौद्यातून फोर्ट सेंट डेव्हिड उभा राहिला, आणि १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले तेव्हा कंपनीला दक्षिणेत पाय ठेवायला तीच मुख्य जागा उरली होती. मोजणीची साखळी वापरली असती तर काय झाले असते, असा विचार त्या चर्चच्या सावलीत हटकून येतो.

किल्ल्यातच आर्थर वेलस्ली राहिला ते घर आहे. निम्मे पडलेले, निम्मे उभे. १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा तो हाच. पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तरी आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, याला त्याचे उत्तर असई हेच होते म्हणतात. असईला गेलेल्यांना माहीत आहे की तिथेही फारसे काही राखलेले नाही. विजेत्याचे घर आणि रणभूमी, दोन्हींची कळा सारखीच.

किल्ल्यातल्या संग्रहालयात कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यावर टिपूची दोन मुले ओलीस दिल्याचा प्रसंग कोरलेला. टिपूविरुद्धच्या त्या युद्धात हरिपंत फडके मराठ्यांची फौज घेऊन इंग्रजांच्या बाजूने होते, ते मात्र कोरणाऱ्याने घेतलेले नाही. त्यापेक्षा मला काचेत ठेवलेला तिरंगा आवडला. १५ ऑगस्ट १९४७ ला याच किल्ल्यावर चढवलेला तो झेंडा. कापड जुने झाले आहे, खोलीत उजेड मुद्दाम मंद ठेवला आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. जहाज शुक्रवारी लागले तर हा भाग सोडून द्यावा.

बाहेर पडून थोडे नैऋत्येला गेले की आयलंड मैदानाजवळ टॉमस मन्रोचा अश्वारूढ पुतळा लागतो. शिल्पकार चँट्रीने घोड्यावर ना खोगीर दाखवले ना रिकीब, म्हणून चेन्नईत त्याची थट्टा होते. हा मन्रो १८१८ च्या मे महिन्यात सोलापूरच्या किल्ल्यापुढे होता आणि त्याने तो पेशव्यांच्या लोकांकडून घेतला. सोलापूरकरांना एवढ्या लांब येऊन आपल्या गावाचा शत्रू घोड्यावर बसलेला बघायला मिळतो. तमिळ मुलुखात मात्र त्याचे नाव चांगले आहे. रयतवारी पद्धत त्याने लावली आणि मधल्या जमीनदाराला बाजूला ठेवले, म्हणून.

पण मला पुतळ्यापेक्षा उत्तरेची ओढ होती. उच्च न्यायालयाची लाल, घुमटाघुमटांची १८९२ सालची इमारत डावीकडे ठेवून पुढे जावे. तिच्या सर्वांत उंच घुमटावर १८९४ पासून दीपगृह होते आणि मरीनावरचे नवे दीपगृह १९७७ मध्ये सुरू होईपर्यंत समुद्रावरून येणाऱ्यांना मद्रास म्हणजे न्यायालयाच्या डोक्यावरचा दिवा असे. पहिल्या महायुद्धात, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री, जर्मनांचे ‘एम्डन’ जहाज अंधारात जवळ आले, तेलाच्या टाक्या पेटवल्या, गोळे न्यायालयाच्या आवारापर्यंत आले आणि अर्ध्या तासात ते निघूनही गेले. तिथे त्याची पाटी आहे. घाबरून किती लोक गाव सोडून गेले याच्या गोष्टी अजून घरोघरी सांगतात.

मग जॉर्जटाऊन. आता फुटपाथ असा नाही. पत्र्याची कपाटे, कागदाची रिळे, बॉलबेअरिंग, लग्नपत्रिका, हातगाड्या, आणि यातून गाडी काढणारे ड्रायव्हर. तंबू चेट्टी रस्त्यावर दोन दुकानांच्या मधून एक गोपुर डोके काढते. ते काळिकांबाळचे देऊळ. हे देऊळ आधी किल्ल्याच्या जागेजवळ होते. कंपनीने वस्ती हलवली तेव्हा इथे आले. विश्वकर्मा समाजाचे हे देवस्थान. शिवाजी महाराज ३ ऑक्टोबर १६७७ ला इथे दर्शनाला आले, असे देवळात लिहिलेले आहे आणि महाराजांचे चित्रही लावलेले आहे. कवी सुब्रह्मण्य भारती जवळच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करत तेव्हा इथे येत.

तारखेबद्दल इतिहासकारांनी वाद घालावा. कंपनीच्या कागदांतून ठामपणे दिसते ते असे: कर्नाटकाच्या मोहिमेत १६७७ च्या मे महिन्यात महाराजांचा तळ मद्रासपासून काही कोसांवर पडला होता आणि त्यांनी गव्हर्नर लँगहॉर्नकडे माणूस पाठवून विषावरचे उतारे आणि काही औषधे मागवली. इंग्रजांनी ती पाठवली आणि पैसे घेतले नाहीत. त्याच वर्षी नंतर महाराजांनी किल्ल्यांच्या कामासाठी जाणकार माणसे मागितली तेव्हा मात्र त्यांनी गोड बोलून टाळले. औषध फुकट, किल्ल्यांचे ज्ञान नाही! कंपनीचा स्वभाव या दोन पत्रांत जेवढा दिसतो तेवढा जाडजूड ग्रंथांतही दिसत नाही.

देवळात माझ्यासोबत मैलापूरचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. घराणे तंजावरचे, व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत आलेल्यांपैकी. तीनशे-साडेतीनशे वर्षे तमिळ मुलुखात काढूनही घरात मराठी बोलतात. त्यांची मराठी ऐकताना क्रियापदे आपल्या पणजीची वाटतात आणि हेल तमिळ. पुजाऱ्याशी ते तमिळमध्ये, फोनवर मुलीशी इंग्रजीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होते, आणि तिन्हींत त्यांना घाई अशी नव्हती. सर टी. माधवरावांचा विषय त्यांनीच काढला. कुंभकोणमचे, मद्रासला शिकलेले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. सयाजीराव लहान असताना बडोद्याचा गाडा ओढणारे. १८८७ साली काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले तेव्हा स्वागताध्यक्ष होते. महाराष्ट्रात त्यांचे नाव सयाजीरावांच्या चरित्रातच काय ते येते, याचे या गृहस्थांना वाईट वाटत होते, आणि त्यांचे बरोबर आहे. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठी राजवाड्यात लागला का, हे मी त्यांना विचारल्यावर ते फक्त हसले. त्या कथेला तेवढीच किंमत द्यावी.

दुपारी बाराला देऊळ बंद झाले. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चेन्नईतली बहुतेक मोठी देवळे बारा-साडेबारा ते चार बंद असतात, आणि जहाजाचा दिवस नेमका त्याच वेळात असतो. म्हणून देऊळ सकाळी, किल्ला नंतर. मी उलट क्रमाने लिहिले असले तरी तुम्ही आधी काळिकांबाळला जा. मैलापूरचे कपालीश्वर पाहायचे असेल तर चेन्नई बीच स्थानकावरून लोकल घ्या. स्थानक बंदरासमोरच आहे. पाच-दहा रुपयांत तिरुमयिलै स्थानकावर उतरता येते, आणि तिथून सान थोमेचे, प्रेषित थॉमसच्या समाधीवरचे पांढरे चर्चही फार लांब नाही.

दुपारचे जेवण बंदराच्या मागच्या गल्लीतच केले. ब्रह्मदेशातून साठच्या दशकात परत यावे लागलेल्या तमिळ कुटुंबांना इथे रस्त्याकडेला दुकाने मिळाली, तो बर्मा बाजार. त्यांच्याबरोबर अथो आले. केशरी रंगाच्या शेवया, बारीक चिरलेली कोबी, तळलेला कांदा, चिंचेचे पाणी, सुक्या मिरचीची भरड. विकणारा हे सगळे हातानेच पातेल्यात कालवतो, वर कुरकुरीत बेज्जो चुरडून टाकतो आणि सोबत केळीच्या खोडाचे गरम सूप देतो. बाकडे नाही, उभ्यानेच खायचे. जहाजावरच्या पाच प्रकारच्या सॅलडांना ही चव नसणार.

बंदराच्या बाजूने विचार केला तर काम थोडेच आहे. दारापाशी रिक्षाचे ठरलेले दरपत्रक, किल्ला ते तंबू चेट्टी रस्ता असा चालण्याचा नकाशा, सावलीचा फुटपाथ, आणि जहाज लागेल त्या दिवशी संग्रहालय उघडे. क्रूझ भारत अभियान २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाले. २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे आहेत. टर्मिनल बांधून झाले. त्यातून बाहेर पडलेल्याला चालता येईल असा एक किलोमीटर अजून बांधायचा आहे.

आणि वाचकांसाठी. जिंजीचा किल्ला २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या अकरा इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. तो पाहायला जहाजाच्या दिवशी जाऊ नका. दीडशे किलोमीटर आहे, परतायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि थांबवा म्हणून सांगायची सोय फक्त जहाजाच्याच सहलीतल्यांना असते. जिंजीला वेगळे दोन दिवस काढा. चेन्नईत जहाज लागले तर महाबलीपुरमची बस खुशाल सोडा, खिशात पाण्याची बाटली आणि पासपोर्टची प्रत ठेवा, आणि जहाज सुटण्याआधी तासभर दारात परत या.